मालकीण सुटली, मोलकरीण जळाली

आपल्या शिबिरांत आपण पगारावर बोलतो, पाण्यावर बोलतो, रेशनवर, मारहाणीवर, पोटगीवर बोलतो. बाईने नुसतं फिरायला जाणं या विषयावर मात्र एकही सत्र झाल्याचं मला आठवत नाही. फिरणं म्हणजे चैन आणि चैन म्हणजे कार्यकर्तीला न शोभणारी गोष्ट, असं आपल्या मनात कुठेतरी घट्ट बसलेलं आहे. बाई देवदर्शनाला गेली तर चालतं, लग्नाला गेली तर चालतं, बाळंतपण करायला तर तिला हक्काने बोलावून घेतात. पण कुणाचं काही करायला नव्हे, कुणाला भेटायलाही नव्हे, चार बायकांनी मिळून गाडी करायची आणि दिवसभर एक गाव बघून यायचं, असं म्हटलं की घरच्यांच्या आधी आपलाच जीव कचरतो. तो कचरू नये, एवढं म्हणून मी हा मुद्दा इथेच सोडते. या अंकाच्या वाचक-मैत्रिणींना तो पटवून द्यावा लागेल असं मला वाटत नाही.

मला बोलायचं आहे ते त्याच्या पुढच्या प्रश्नावर. फिरायला गेल्यावर आपल्याला जे दाखवतात आणि सांगतात, त्यात बाया कुठे असतात? शाळेची पुस्तकं दहावीला सुटतात. त्यानंतर बहुतेकांच्या वाट्याला इतिहास येतो तो सिनेमातून, नाहीतर गाइडच्या तोंडून. रायगडावर गेलेल्या बाया हिरकणीची गोष्ट ऐकून खाली उतरतात. तान्ह्या बाळासाठी कडा उतरलेली आई. गोष्ट सुंदर आहे, ऐकताना माझ्याही डोळ्यांत पाणी येतं. पण तान्हं बाळ घरी ठेवून दूध घालायला तिला गड का चढावा लागत होता, संध्याकाळी दरवाजे लावताना तिच्यासारखीचा विचार कुणी का केला नव्हता, हे गाइड सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. आई म्हणून तिच्या नावाचा बुरूज आहे. कष्टकरी बाई म्हणून ती त्या गोष्टीत कुठेच नाही.

हे सगळं मनात नव्याने उलटसुलट झालं ते गेल्या वर्षी आयर्लंडमध्ये. माझी मावसबहीण डब्लिनला नोकरी करते. तिच्याकडे महिनाभर राहिले, तेव्हा साताऱ्याहून तिच्या सासूबाईही आलेल्या होत्या. त्यांना मी काकू म्हणते. काकूंचे गुडघे दुखतात, चाळीस माणसांच्या बसमागे पळणं त्यांना जमणारं नव्हतं. म्हणून बहिणीने एका दिवसासाठी खाजगी गाडी ठरवली. गाडी चालवणारा तोच गाइड. चौथी सोबतीण बहिणीची शेजारीण, केरळची नर्स. खर्च चौघींत वाटला तरी भारतातल्या संस्थेच्या मानधनावर जगणाऱ्या माझ्यासारखीला तो टोचलाच. पण खाजगी गाडीचा एक फायदा आहे आणि तो पैशांत मोजण्यासारखा नाही. गाइडला थांबवून प्रश्न विचारता येतो. बसमध्ये माइक एकाच्याच हातात असतो.

आम्ही गेलो किल्केनीला. डब्लिनपासून साधारण सव्वाशे किलोमीटर नैर्ऋत्येला, नोर नदीच्या काठी वसलेलं हे गाव. वस्ती आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी, पण १६०९च्या सनदेमुळे मान मात्र शहराचा. एका टोकाला किल्ला, दुसऱ्या टोकाला सेंट कॅनिसचं कॅथीड्रल आणि त्याच्या अंगणात उभा असलेला गोल दगडी मनोरा. मधल्या रस्त्याला आता ‘मध्ययुगीन मैल’ असं नाव दिलेलं आहे. अरुंद बोळ, काळ्या दगडाच्या पायऱ्या, १५९४ साली बांधलेलं रॉथ या व्यापाऱ्याचं तीन चौकांचं घर. लोणी विकणाऱ्या बाया जिथे बसत, त्या बोळाला अजून लोण्याचा बोळच म्हणतात. गाव देखणं आहे. उगाच नाकं मुरडण्यात अर्थ नाही.

किल्ल्यापासून सुरुवात झाली. आमच्या गाइडने (पन्नाशीचा, मिस्कील, काकूंना प्रत्येक पायरीवर हात देणारा गृहस्थ) सांगितलं की हा दगडी किल्ला विल्यम मार्शल या सरदाराने तेराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, १३९१ मध्ये बटलर घराण्याने तो विकत घेतला आणि १९६७ मध्ये त्या घराण्याने अवघ्या ५० पौंडांना तो गावाच्या हवाली केला. ५० पौंडांवर सगळे हसतात, आम्हीही हसलो. मग मी विचारलं, की मार्शलकडे ही जमीन आली कुठून? तो म्हणाला, बायकोकडून. आणि मग, मला वाटतं त्याला स्वतःलाच मजा वाटू लागली म्हणून, त्याने सगळं सांगितलं.

डर्मट हा लेन्स्टर प्रांताचा राजा. ११६६ मध्ये त्याचं राज्य गेलं. ते परत मिळवायला त्याने समुद्रापलीकडच्या नॉर्मन सरदारांची मदत मागितली आणि त्यांतल्या स्ट्राँगबो नावाच्या सरदाराला मोबदला म्हणून आपली मुलगी ईफा आणि आपल्यामागे राज्य देऊ केलं. ११७० मध्ये वॉटरफर्ड शहर पाडाव झाल्याबरोबर तिथेच हे लग्न लागलं. डॅनियल मॅक्लीज या चित्रकाराने १८५४ मध्ये या लग्नाचं एक प्रचंड चित्र काढलं, ते डब्लिनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. चित्रात लग्नमंडपाभोवती प्रेतं पडलेली दिसतात. ईफाची मुलगी इझाबेल. तिचं लग्न ११८९ मध्ये मार्शलशी झालं आणि लेन्स्टरची जहागिरी त्याच्या घरात आली. म्हणजे आयर्लंडवर इंग्रजांची जी शेकडो वर्षांची सत्ता झाली, तिचा पहिला दस्तऐवज एका मुलीचं लग्न आहे. किल्ल्याच्या भिंतींत दगड मार्शलचे असतील, सातबारा इझाबेलचा होता. पण ‘किल्ला कुणी बांधला’ या प्रश्नाचं उत्तर जगात सगळीकडे पुल्लिंगीच येतं.

आता मूळ गोष्ट. किल्केनीला येणारा प्रत्येक पाहुणा एका चेटकिणीचं नाव ऐकून जातो. अ‍ॅलिस किटलर. तिच्या नावाचं पब गावात आहे आणि तिच्या गोष्टीवर गावातलं बरंच पर्यटन चालतं. दुकानांत टोकदार टोप्या, खराट्यावर बसलेल्या बाहुल्या. आमच्या गाइडनेही आवाज खाली आणून, डोळे मोठे करून गोष्ट सुरू केली, कारण पाहुण्यांना ती तशी आवडते.

कागदपत्रांत जे आहे ते असं. अ‍ॅलिस ही फ्लँडर्सकडून येऊन इथे स्थायिक झालेल्या व्यापारी घराण्यातली. तिची चार लग्नं झाली. पहिला नवरा विल्यम आउटलॉ, व्यापारी आणि सावकार. त्याच्यापासून एक मुलगा, त्याचंही नाव विल्यम. मग अ‍ॅडम ले ब्लंड, मग रिचर्ड दे वाल, मग सर जॉन ले पोअर. प्रत्येक लग्नागणिक पैसा वाढत गेला आणि तो सगळा अ‍ॅलिस आणि तिच्या एकुलत्या मुलाकडे साठत गेला. चौथा नवरा आजारी पडला, त्याचे केस आणि नखं गळू लागली. तेव्हा आधीच्या नवऱ्यांच्या मुलांनी बिशपकडे तक्रार केली, की या बाईने जादूटोण्याने आमच्या बापांची मती फिरवली, त्यांना मारलं आणि आमचा वारसा लाटला.

बिशप होता रिचर्ड दे लेड्रेड. इंग्रज, फ्रान्सिस्कन पंथाचा, १३१७ साली नेमलेला. पाखंड शोधून काढण्याचं त्याला वेडच होतं. त्याने नुसतं विषप्रयोगाचं प्रकरण ठेवलं नाही, त्याचा धर्मद्रोह केला. चव्हाट्यावर कोंबड्या कापून सैतानाला वाहते, रॉबिन नावाच्या सैतानाशी संबंध ठेवते, अशी आरोपांची जंत्री. एक आरोप नंतरच्या बखरींत येतो आणि तो मला फार बोलका वाटतो. ही बाई म्हणे संध्याकाळी रस्ता झाडत जायची आणि गावाची सगळी लक्ष्मी आपल्या मुलाच्या दाराकडे लोटायची. झाडू! बाईच्या हातातली सगळ्यांत रोजची वस्तू, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात तीच पुरावा म्हणून उभी.

पण अ‍ॅलिस साधी बाई नव्हती. राज्याचा चान्सलर तिच्या सासरच्या नात्यातला होता. किल्केनीचा कारभारी आर्नल्ड ले पोअर तिच्या बाजूने उभा राहिला आणि त्याने चक्क बिशपलाच १७ दिवस तुरुंगात टाकलं. बिशप सुटला आणि आणखी चवताळला. पण तोवर अ‍ॅलिस निसटली. आयर्लंड सोडून ती गेली ती गेलीच, पुढे तिचा ठावठिकाणा कुणाला लागला नाही. तिच्या मुलाला शिक्षा झाली ती काय, तर वर्षभर रोज तीन प्रार्थनांना हजर राहायचं, गरिबांना जेवू घालायचं आणि कॅथीड्रलच्या छपराला शिशाचे पत्रे घालून द्यायचे. १३३२ मध्ये कॅथीड्रलचा मधला मनोरा कोसळला. तो त्या शिशाच्या वजनानेच कोसळला असं गाइडमंडळी सांगतात आणि इथे पुन्हा हशा पिकतो.

मग बिशपच्या हाती राहिलं कोण? अ‍ॅलिसच्या घरात कामाला असलेली पेट्रोनिला. तिला बिशपच्या हुकमाने सहा वेळा फटके मारण्यात आले. फटक्यांखाली तिने जे हवं होतं ते सगळं कबूल केलं. मालकीण चेटकीण आहे, सैतानाशी तिची गाठ मीच घालून देत होते, सगळं. ३ नोव्हेंबर १३२४ या दिवशी किल्केनीत भर गर्दीत तिला जिवंत जाळलं. जादूटोणा आणि पाखंडाच्या आरोपावरून आयर्लंडमध्ये जाळलेली, नाव माहीत असलेली ती पहिली बाई.

गाइडने हे शेवटच्या दोन वाक्यांत सांगितलं. अ‍ॅलिसला वीस मिनिटं, पेट्रोनिलाला दोन वाक्यं. मी काकूंसाठी मराठीत सांगत होते. त्या पायरीवर बसून गुडघा चोळत होत्या. ऐकून म्हणाल्या, “म्हणजे मालकीण सुटली आणि मोलकरीण जळाली. मग पाटी मालकिणीच्या नावाची का गं?”

या प्रश्नाचं इंग्रजी करून मी गाइडला सांगितलं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. त्यात त्याचा दोष आहे असं मला म्हणायचं नाही. त्याला जी गोष्ट मिळाली ती तो सांगतो आणि पाहुणे ज्यावर खूश होतात तिचा भाग मोठा करतो. पण बघा, अ‍ॅलिसला चार नवऱ्यांची नावं आहेत, मुलाचं नाव आहे, घराणं आहे. पेट्रोनिलाचं नाव कागदात येतं ते ‘मीथची पेट्रोनिला’ असं. मीथ हा परगणा. मुंबईतल्या सोसायट्यांत ‘ती पाचव्या मजल्यावरची’, ‘ती मानखुर्दवाली’ म्हणतात ना, तसं. तिला मुलगी होती, बेसिलिया, आणि अ‍ॅलिसने पळताना तिला बरोबर नेली असं सांगतात. हे खरं असेल तर आईने फटके खाताना मनात काय धरून ठेवलं असेल, याचा अंदाज आपल्यातल्या कुणीही बांधू शकते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. या खटल्याची सविस्तर हकीकत जी उरली आहे ती बिशपच्या बाजूने लिहिलेली आहे. थॉमस राइट नावाच्या अभ्यासकाने ती १८४३ मध्ये छापून प्रसिद्ध केली. पेट्रोनिलाचं म्हणून जे काही आपल्यापर्यंत आलं, ते तिला मारणाऱ्यांनी लिहून घेतलेलं आहे. ज्यांनी ज्यांनी पोलिस स्टेशनात बाईचा जबाब दुसऱ्याच्या शब्दांत लिहिला जाताना पाहिलाय, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. स्त्री-चळवळीने मात्र तिला विसरू दिलं नाही. ज्यूडी शिकागो या अमेरिकन कलावतीने १९७४ ते १९७९ या काळात ‘द डिनर पार्टी’ नावाची जी मोठी कलाकृती केली, इतिहासातल्या ३९ बायांसाठी मांडलेलं जेवणाचं त्रिकोणी टेबल, त्यात एक ताट पेट्रोनिलाचं आहे. ती कलाकृती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये आहे. गाइडला हे माहीत नव्हतं. त्याने ते वहीत लिहून घेतलं.

काही जणी म्हणतील, सातशे वर्षांपूर्वीच्या परक्या देशातल्या बाईचं आपल्याला काय? मी काही वर्षं नंदुरबारकडे काम केलं आहे. सातपुड्याच्या पाड्यांवर बाईला डाकीण ठरवतात, तेव्हा आरोपाच्या खाली खणलं की बहुतेकदा जमीन निघते. आम्ही हाताळलेल्या एका प्रकरणात विधवा बाई होती, तिच्या नावावर थोडी जमीन होती आणि तक्रारदार होते पुतणे. मूल आजारी पडलं हे निमित्त. त्या बाईला अ‍ॅलिससारखा चान्सलर नव्हता, पळून जायला देश नव्हता. ती माहेरी गेली आणि जमीन पुतण्यांनी कसली. बिहारने १९९९ मध्ये, झारखंडने २००१ मध्ये, छत्तीसगडने २००५ मध्ये याविरुद्ध कायदे केले. महाराष्ट्रातल्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतरच जादूटोणाविरोधी वटहुकूम आणि मग कायदा आला. म्हणून चेटकिणीच्या बाहुल्या बघून मला हसू येत नाही. मी काही त्या दुकानांवर मोर्चा न्या म्हणत नाही. पण स्कॉटलंडच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री निकोला स्टर्जन यांनी ८ मार्च २०२२ला चेटकीण म्हणून छळल्या गेलेल्यांची सरकारच्या वतीने जाहीर माफी मागितली. टोपी विकण्यापलीकडेही काही करता येतं, एवढाच त्याचा अर्थ.

किल्केनीचं नाव इतिहासात आणखी एका कारणासाठी आहे. १३६६ मध्ये इथे भरलेल्या सभेत जे कायदे झाले त्यांना किल्केनीचे कायदे म्हणतात. इंग्रज वसाहतवाल्यांनी आयरिश माणसांशी लग्न करायचं नाही, त्यांच्या घरी मुलं वाढवायला द्यायची नाहीत, आयरिश भाषा बोलायची नाही, आयरिश न्यायपद्धती मानायची नाही. गाइड हे ‘आयरिश बोलायला बंदी’ म्हणून सांगतो, आणि त्याचं दुःख खरं आहे. पण यादीत पहिल्यापासून काय आहे? लग्न आणि मूल वाढवणं. भाषा आईच्या तोंडून आणि दाईच्या मांडीवरून घरात शिरते हे त्या सरदारांना नेमकं कळलं होतं. १९१६ मध्ये बाबासाहेबांनी जातीचं मूळ बेटीबंदीत दाखवून दिलं. दोन समाज वेगळे ठेवायचे तर आधी बाया कोंडाव्या लागतात, याला ना देश लागतो ना धर्म.

दुपारी गाडी रेल्वे स्टेशनजवळच्या एका मोठ्या बाजार-संकुलापाशी थांबली. नर्स मैत्रिणीला औषधाच्या दुकानात जायचं होतं. हे ठिकाण सहलीच्या यादीत नव्हतं. या संकुलाच्या इमारतीत जुन्या अनाथ-गरीबखान्याचा भाग सामावलेला आहे. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात उपाशी माणसं इथे आश्रयाला येत. आत घेताना नवऱ्याला एकीकडे, बायकोला दुसरीकडे, मुलांना तिसरीकडे ठेवत. २००५-०६च्या सुमारास बांधकामाच्या वेळी जमिनीत पुरलेले सुमारे ९७० सांगाडे सापडले, निम्म्याहून जास्त लहान मुलांचे. २०१० मध्ये ते तिथेच शेजारच्या स्मृतिबागेत पुन्हा पुरले. आमच्या गाइडची पणजी-खापरपणजी कुठल्यातरी अशाच खान्यातून जगून बाहेर पडली होती. हे त्याने गाडीचं दार लावता लावता सांगितलं, किल्ल्यात सांगताना होता त्या आवाजात नव्हे. मला त्या दिवसातलं ते सगळ्यांत खरं वाक्य वाटलं. ते पैसे दिलेल्या भागात नव्हतं.

आणि आता मी ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येते. एम.एस.डब्ल्यू.ला बालसंरक्षणाच्या पेपरसाठी वाचताना किल्केनी हे नाव मला प्रथम भेटलं होतं, ते मध्ययुगासाठी नव्हे. १९९३ मध्ये या परगण्यातल्या एका माणसाला शिक्षा झाली. १९७६ ते १९९१ अशी सुमारे पंधरा वर्षं त्याने स्वतःच्या मुलीवर अत्याचार केले होते. त्या काळात ती मुलगी पुन्हा पुन्हा जखमी होऊन दवाखान्यात येत होती. डॉक्टर, परिचारिका, सामाजिक कार्यकर्ते यांच्यापर्यंत ती कित्येकदा पोचली होती आणि दरवेळी तिला घरी परत पाठवलं गेलं. बापाला शिक्षा झाली सात वर्षांची. लोक खवळले आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कायदेपंडित कॅथरिन मॅगिनेस तिच्या प्रमुख होत्या. मे १९९३ मध्ये अहवाल आला.

तो अहवाल प्रत्येक सामाजिक कार्यकर्तीने वाचावा असा आहे. त्याने एका राक्षसी बापावर सगळं ढकलून हात झटकले नाहीत. दवाखाना आणि समाजसेवा विभाग यांच्यात माहिती पोचत नव्हती हे त्याने दाखवलं. आणि पुढे जाऊन असं म्हटलं, की राज्यघटनेत कुटुंबाला जे अढळ स्थान दिलंय, त्यामुळे मुलांच्या हक्कांपेक्षा आईबापांच्या हक्कांना जास्त वजन मिळण्याचा धोका आहे; घटनेत मुलांच्या हक्कांचं कलम घाला. १९९५ मध्ये अशा गुन्ह्याची कमाल शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढली. घटनेतल्या बदलाला मात्र जवळजवळ वीस वर्षं लागली. मुलांच्या हक्कांवरचं सार्वमत झालं १० नोव्हेंबर २०१२ला. आपल्याकडे पॉक्सो कायदा लागू झाला तो त्याच महिन्यात, १४ नोव्हेंबरला. आणि माहेर बेळगावचं असलेल्या सविता हलप्पनवारचा गर्भपात नाकारला गेल्यावर त्याच देशातल्या एका हॉस्पिटलात मृत्यू झाला तो २८ ऑक्टोबर २०१२ला. तिच्या मृत्यूने पेटलेल्या लढ्यातून २५ मे २०१८चं सार्वमत झालं आणि ६६ टक्क्यांहून जास्त मतांनी गर्भपातबंदीचं घटनाकलम गेलं. नर्स मैत्रीण म्हणाली, त्या दिवशी हॉस्पिटलच्या जेवणघरात आयरिश सहकारणी आपल्याला मिठी मारून रडल्या होत्या.

परतीच्या वाटेवर मी गाइडला १९९३च्या प्रकरणाबद्दल विचारलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, तेव्हा मी वीस-एकवीस वर्षांचा होतो, सगळ्यांना माहीत होतं, पण हे आम्ही पाहुण्यांना सांगत नाही. मी म्हटलं, सांगू नका, ती बाई अजून कुठेतरी जगत असेल, तिला तिचं आयुष्य शांतपणे जगू दे. यावर आमचं एकमत झालं. त्या मुलीचं दुःख दाखवायची वस्तू होऊ नये. पण त्या अहवालाचं काय? ज्या गावाच्या नावाने एका देशाला आपली घटना बदलावी लागली, त्या गावाने तो अहवाल मध्ययुगीन मैलाच्या एखाद्या फलकावर का लिहू नये? १३६६चा कायदा हा वारसा आणि १९९३चा अहवाल ही बदनामी, हे कुणी ठरवलं? सातशे वर्षं उलटली की बाईचं मरण पर्यटन होतं, तीस वर्षांत ते गावाची अब्रू असतं. मधला काळ नेमका किती, हे मला समजून घ्यायचं आहे.

मावसबहिणीला माझं हे बोलणं फारसं रुचलं नाही. तिचं म्हणणं, बाया वर्षातून एकदा मोकळ्या होतात, तिथेही तुम्ही अन्यायाची वही उघडता. मला तिचा मुद्दा मान्य नाही, पण तो हसण्यावारी नेण्यासारखाही नाही. फिरताना गोड खायचं, फोटो काढायचे, नदीकाठी पाय सोडून बसायचं, हे सगळं आम्ही केलं. काकूंनी तर दगडी बाकावर पडून डुलकी काढली, साताऱ्यात सूनबाईंसमोर त्या कधी अशा आडव्या झाल्या नसत्या. प्रश्न विचारल्याने दिवस बिघडला नाही. उलट, संध्याकाळी घरी आल्यावर काकू तासभर बोलत होत्या, त्यांच्या माहेरच्या वाड्यात कामाला असलेल्या एका बाईबद्दल. ती विहिरीत सापडली आणि तिचं नावदेखील आता कुणाला आठवत नाही. हे त्या आजवर घरात कुणाशी बोलल्या नव्हत्या.

आयर्लंडशी आपल्या चळवळीचं एक जुनं नातं आहे आणि तेही कुठल्या गाइडच्या तोंडी नसतं. मार्गरेट कझिन्स ही आयर्लंडमधली मताधिकाराची कार्यकर्ती. १९१५ मध्ये ती भारतात आली. अखिल भारतीय महिला परिषदेची पहिली बैठक जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात भरली, ती तिच्या पुढाकाराने. फर्ग्युसन रस्त्यावरून जाणाऱ्या किती जणींना हे माहीत असतं?

तेव्हा एक ठरवलं आहे. आमच्या संस्थेची जानेवारीतली सहल रायगडावर आहे, ३५ जणी येणार आहेत, निम्म्या घरकामगार संघटनेतल्या. गाइड आम्ही आधीच गाठणार आणि त्याला सांगणार, की दुधाच्या बाया, पाणी भरणाऱ्या, दळण दळणाऱ्या, बाजारपेठेतल्या बाया यांच्याबद्दल जे माहीत असेल ते तयार करून ये, त्याचे वेगळे पैसे देऊ. जे त्याला माहीत नसेल ते आम्ही पाचाडच्या आजूबाजूच्या वाड्यांतल्या म्हाताऱ्यांना विचारणार. तुमच्या गटाने आपल्या तालुक्यातल्या गडावर, गढीवर, वाड्यावर असं काही विचारलं असेल, तिथल्या एखाद्या पेट्रोनिलाचं नाव सापडलं असेल, तर मार्चच्या अंकासाठी एका पानात लिहून पाठवा. लिहिणं जमत नसेल तर बोलून रेकॉर्ड करा, उतरवून घ्यायचं काम आम्ही करू.